फुगा खाली पडला की

छातीच्या दवाखान्यात रोज सकाळी जुन्या रुग्णांना जोडीजोडीने फुगा टोलवायला लावत. फुगा जमिनीला टेकला की दोघांनीही खुर्चीत बसून दम खायचा, हा व्यायाम घेणाऱ्या बाईंचा नियम. मास्तरांची उभी हयात शाळेत पीटी शिकवण्यात गेलेली. धाप लागली म्हणून आपणहून बसायचं, म्हणजे नाक कापल्यासारखंच! पण त्यांच्या जोडीचा शिंपी दहा-बारा टोल्यांत हमखास फुगा पाडायचा.

"लक्ष कुठं असतं रे तुझं?" मास्तर धापा टाकत खेकसायचे.

"चुकलं, मास्तर," म्हणत शिंपी आधी त्यांची खुर्ची पुढे सरकवायचा.

सोमवारी शिंपी आला नाही.

"काल गेले ते," बाई म्हणाल्या. "परवापर्यंत शिवत होते. सुईत दोरा पहिल्या फटक्यात ओवायचे, असं सून सांगत होती."

मास्तरांच्या जोडीला नवा भिडू आला, एक ड्रायव्हर. गडी हट्टी, फुगा पडूच देईना. विसाव्या टोल्याला मास्तरांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. फुगा कधी पडतोय याची ते वाट बघू लागले, आणि तेव्हा कुठे त्यांना शिंपी कळला.

त्यांनी समोर पाहिलं. ड्रायव्हरचे ओठ निळे पडले होते, तरी तो थांबत नव्हता. फुगा मास्तरांकडे आला. त्यांनी हात खाली घेतला.

"लक्ष कुठंय तुमचं, मास्तर?" ड्रायव्हर धापा टाकत खेकसला.

"चुकलं," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी आधी त्याची खुर्ची पुढे सरकवली.