आईच्या ओठांवर

अभिनेत्री मनोरमा साठे गेल्या, तेव्हा त्यांच्या शेवटच्या चित्रपटातल्या एका प्रसंगाचं डबिंग राहिलं होतं. निर्माते दुसऱ्या अभिनेत्रीकडून ते उरकून घेणार होते. "आईच्या तोंडी परका आवाज चालणार नाही," असं त्यांना फोनवर ठणकावून मुलगी पूर्णिमा तेराव्यानंतर स्नेहलतागंज भागातल्या स्टुडिओत येऊन उभी राहिली. पडद्यावर आई रुसलेल्या लेकीपुढे ताट सरकवत होती. तिच्या ओठांवर नजर ठेवून पूर्णिमा वाक्य बोलली, "राग माझ्यावर काढ, अन्नावर नको." "बढिया, दीदी! ओठ एकदम बरोबर बसले," काचेमागून रेकॉर्डिस्ट आशिष म्हणाला. "ओके करून टाकू?" "नको, भिया. फिरसे लाव." "अब काय राहिलं?" "वाक्याआधी माझा श्वास ऐकू येतोय. आई भांडताना श्वास घ्यायला थांबायची नाही." आशिषने दृश्य मागे नेलं. पडदा उजळण्याआधीच पूर्णिमाने छातीभर श्वास भरून घेतला.