दिवसाची झोप

सुगराबीनं तेलाचा हात प्रियदर्शनीच्या पाठीवर टेकवला आणि तिथंच थांबवला. एकविसाव्या दिवशी बाळंतिणीचं अंग मालिशीखाली सैल पडतं. हिचं ताठ होतं.

"पोरी, झोप येती का न्हाई?"

"गणपतीच्या आधीपासनं न्हाई." मग पाळण्याकडं न बघताच तिनं म्हटलं, "मावशी, जाताना ह्याला तुमच्या घरी घेऊन जा. माझ्यानं काहीच हुऊन न्हाई राह्यलं."

दारात खोबरं किसत बसलेल्या सगुणाबाईंचा हात थबकला. नवव्या महिन्यात लेक रात्र रात्र अंगणात फेऱ्या घालायची, तेव्हा त्याच म्हणाल्या होत्या, शेवटी शेवटी कुणाला झोप येती? आणि बाळंतिणीनं दिवसा डोळा लावला की अंग सुजतं, म्हणून ती जरा पेंगली की त्याच ताटली वाजवायच्या. एकवीस दिवस.

"आमच्या आईनं असंच सांगितलं होतं," त्या पुटपुटल्या.

"माझी सास बी हेच म्हणायची," सुगराबी म्हणाली. "सहा महिने रडत होते मी. कुणाला कळलंच न्हाई. उद्या हिला भोकरदनला डॉक्टरीणबाईकडं न्या. लपवू नका, बराबर सगळं सांगा. आन आज झोपू द्या. बिलकुल उठवायचं न्हाई."

सगुणाबाईंनी ताटली फळीवर नेऊन ठेवली. बाळाचं दूध पिऊन झाल्यावर त्याला उचललं, दार ओढून घेतलं आणि ओट्यावर जाऊन बसल्या.

दुपारी केदारखेड्याहून त्यांच्या नणंदबाई, गिरिजाबाई, झबलं-टोपडं घेऊन आल्या.

"कुठंय बाळंतीण?"

"झोपलीय."

"आत्ता? दिवसाची?" गिरिजाबाईंनी पिशवी खाली ठेवली. "अवो वहिनी, भोपळा हुईल पोरीचा! उठवा तिला. मी काय बंद दाराला भेटाया आले?"

तीस वर्षांत सगुणाबाईंनी या नणंदेला उलटून उत्तर दिलं नव्हतं.

"हुऊ द्या भोपळा," त्या म्हणाल्या. "बसा वन्सं. आन जरा हळू बोला."

तेवढ्यात आतून घोरणं ऐकू आलं. चांगलं मोठं, एखाद्या दमलेल्या गड्यासारखं. गिरिजाबाईंनी हसू दाबायला पदर तोंडाला लावला.

सगुणाबाईंनी मांडीवरचं बाळ सावरलं आणि हात लांबवून, वन्संना झोपलेली पोर दिसेल इतकं, दार वीतभर उघडलं.