डीपीपुढची सासू

वायरमन झालेली सून फ्यूज काढून खांबावर चढली, तशी गोजराबाई डीपीच्या फ्यूजपेटीला पाठ लावून उभी राहिली. गावात वीज गेली की कुणीही उठून फ्यूज घालतं. आज कुणी घातला, तर वर पोर जळेल.

संपत आलाच. “काकू, सरका. पंप लावायचाय. अन् हे बायकांचं काम हाय व्हय?”

“हात लाव, मग दावते बायकांचं काम!” पण लग्नाआधी ‘आयटीआय शिकलेली पोर कशाला?’ म्हणून तिनंच नाक मुरडलं होतं.

“झालं, आत्या!” वरून हाक आली. सुनेचे पाय जमिनीला टेकेपर्यंत गोजराबाई हलली नाही; मग मटकन खाली बसली.

संपतनं फ्यूज उचलला.

“ठेव खाली,” गोजराबाई म्हणाली. “तीच घालंल. शिकलीय ती.”