हिल्लाची जागा

"या दलदलीचा गावाला काही उपयोग आहे का?" रोव्हानिएमी शहरातून आलेल्या सरकारी अधिकाऱ्याने तिसऱ्यांदा विचारलं, आणि शाळेच्या खोलीत जमलेली सगळी माणसं आपापल्या कॉफीच्या कपात बघू लागली.

खरं तर शाळेच्या बाईंचं सगळं सांगून झालं होतं. बर्फ वितळलं की त्याचं पाणी ही दलदल पोटात धरून ठेवते, म्हणून गाव बुडत नाही आणि जुलैत विहिरी आटत नाहीत. क्रौंच तिथेच अंडी घालतात. अधिकाऱ्याने ते लिहून घेतलं. पण कागदावरचा रकाना वेगळाच होता. माणसं जिथे काही वेचतात तेवढा भाग राखायचा, बाकीच्यात चर खणून पाणी काढायचं आणि खालची कुजक्या शेवाळाची माती वाळवून जाळण्यासाठी उपसायची.

म्हातारी सायमी खिडकीपाशी बसली होती. दर ऑगस्टमध्ये ती तिथून दोन बादल्या हिल्ला आणते. ही केशरी फळं दलदलीशिवाय कुठे धरत नाहीत, आणि आपली जागा कुणी कुणाला सांगत नाही. सायमीला तिच्या आईने अंथरुणाला खिळल्यावर सांगितली होती. सायमीने तर नवऱ्यालाही पत्ता लागू दिला नाही. बिचारा जन्मभर मुरंबा खात राहिला, विचारलं नाही. घरोघरी हीच तऱ्हा, म्हणून तर सगळ्यांची दातखीळ बसली होती. शेजारचा ताइस्तो, त्याला म्हणे हिल्ला आवडतच नाही.

"मग कुणी वापरत नाही असं लिहितो," अधिकारी म्हणाला.

सायमी उठली. "मी जाते तिथे. हिल्ला वेचायला. एकेचाळीस वर्षं झाली."

अधिकाऱ्याने भिंतीवरच्या नकाशाकडे हात केला. "बोट ठेवून दाखवा, आजी. नेमकं कुठे ते."

तीस माना पुढे झाल्या. सायमीला त्या सगळ्यांचा रागच आला. ती नकाशापाशी गेली आणि तिने बोट टेकवलं. पण जन्माची सवय. बोट खऱ्या जागेपासून चांगलं अर्धा कोस खाली पडलं. तिचं तिला कळलं, पण तोंड उघडेना. अधिकाऱ्याने तिथेच पेन्सिलीने गोल काढायला घेतला.

"जरा वर, सायमी," मागून ताइस्तो म्हणाला. "दोन तळ्यांच्या मध्ये. खोटी जागा वाचवून काय करणार आहेस?"