पाचूचे तडे

रिठ्याच्या उकळत्या पाण्यातून सुनेला द्यायची अंगठी काढली आणि चंद्राक्कांचा हात थबकला. पाचूत तड्यांचं जाळं उमटलं होतं.

"सून उंबऱ्यात आली नि खडा तडकला! काय हा पायगुण," नणंद म्हणाली. नव्या सुनेने मान खाली घातली.

पाचूत तडे जन्मापासूनच असतात, तेल मुरवून झाकतात, गरम पाणी लावू नका, असं सराफाने बजावलं होतं. चंद्राक्का विसरल्या होत्या. गप्प बसल्या असत्या तरी चाललं असतं. पण त्या नवरी होऊन आल्या तेव्हा म्हैस आटली होती आणि खापर त्यांच्यावरच फुटलं होतं.

"पायगुण कसला वन्सं, पाणी मी उकळलं," त्या म्हणाल्या आणि तेलाची वाटी घेऊन सुनेजवळ बसल्या. "तडे जुनेच आहेत, पोरी. ये, दोघी मिळून तेल लावू."