पाठमोरे पक्षी

यंत्रयुगात माणसाच्या हाताची प्रतिष्ठा टिकावी म्हणून विलायतेतल्या कारागिरांनी दीडशे वर्षांपूर्वी लाकडी ठशांनी कापड छापलं. शिकागोजवळच्या शॉमबर्गमध्ये राहणाऱ्या सुनेत्राने तसल्याच नक्षीचा पडदा घेतला, कारण तो सोफ्याला मॅच होत होता.

नक्षीत वेली आणि पाठमोरे पक्षी, सगळे हुबेहूब सारखे.

तिचा नवरा नरेंद्र, निवृत्त टेक्स्टाइल इंजिनिअर, स्ट्रोकनंतर चार महिने गप्प होता. दिवसभर पडद्याकडे बघत बसे.

मंगळवारी सुनेत्राला एका पक्ष्याने मान वळवलेली दिसली. बुधवारी तो थेट नरेंद्रकडे बघत होता. सुनेत्रा घाबरून पडदा काढायला स्टुलावर चढली.

"राहू दे गं," मागून नरेंद्र म्हणाला. "नक्षीचं रिपीट चुकलंय. शेजारचाही वळला बघ."

सुनेत्राला रडू फुटलं. "अहो, अजून कोण वळलंय? सांगा ना!"

त्याने एकेक करून सतरा पक्षी सांगितले. स्पीच थेरपिस्टने आठवड्याला तीन शब्दांचं टार्गेट दिलं होतं.