भिरकावलेला तांब्या

रेबीज मेंदूवर काय परिणाम करतो याचा अभ्यास करणारी ऋतुजा गागोदे गावात सगुणाबाईंच्या ओटीवर वही घेऊन बसली होती. कंपनीत कामाला असलेला त्यांचा मुलगा नितेश चार महिन्यांपूर्वी रेबीजने गेला. कुत्रं चावल्याचं त्याने घरात सांगितलंच नव्हतं. बाईंनी ताप, बडबड, सगळं सांगितलं आणि विचारलं, "पाणी का गो नको झालं त्याला?" "विषाणू नसांमधून मेंदूत शिरतो. मग पाणी समोर आणलं तरी घसा आवळतो. माणसाच्या हातात काही राहत नाही." बाई जमिनीकडे बघत म्हणाल्या, "मंग हे पण लिव गो. त्यानं तांब्या भिरकावला. मला वाटलं मुद्दाम करतोय, म्हणून मी त्याच्या थोबाडीत मारली." "कितव्या दिवशी?" ऋतुजाने सवयीने विचारलं, आणि तिची तिलाच लाज वाटली. "शेवटच्या," बाई म्हणाल्या.